पाडे हटवून जंगल वाचत नसतं

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली सगळी अतिक्रमणं एकदाची उचला, जंगल वाचवा. खाली टाळ्यांची रांग. मी गोरेगाव पूर्वेला राहते, जंगल वाचावं असं मलाही वाटतं. पण या ‘अतिक्रमणां’च्या यादीत हळूच वारल्यांचे आणि इतर आदिवासींचे पाडेही ढकलले जातात, माझं भांडण तिथे आहे. लांबलचक लिहितेय, वेळ असेल तरच वाचा.

आधी थोडा इतिहास, कारण ग्रुपवरच्या अर्ध्या लोकांना जंगल म्हणजे सफारी आणि कान्हेरी एवढंच माहीत असतं. विहार तलाव 1860 चा, तुळशी 1879 चा. शहराला नळाचं पाणी हवं म्हणून हे तलाव बांधले आणि त्यांच्या पाणलोटात वस्ती वाढू दिली नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जे 100 चौरस किलोमीटरहून जास्त जंगल आज आपण मिरवतो, त्याच्या पोटात हे तलाव आहेत. मिठी आणि दहिसर नद्याही याच डोंगरांतून उतरतात. 26 जुलै 2005 ला 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठीने काय केलं ते सगळ्यांना आठवत असेल. वरचा डोंगर उघडा असता तर खाली काय झालं असतं, याचा विचार न केलेलाच बरा.

आणि उद्यानाला लागून असलेलं आरे? तिथली दूध वसाहत 1949 ची. त्याआधी ती जमीन मोकळी पडली होती का? पाडे होते, भाताची खाचरं होती. सरकारने जमीन दुग्धविकास खात्याकडे दिली आणि तिथे राहणारा माणूस आपल्याच अंगणात उपरा ठरला. पुढे 2019 च्या ऑक्टोबरात मेट्रो कारशेडसाठी रातोरात दोन हजारांवर झाडं पाडली, तेव्हा आपण सगळे ‘सेव्ह आरे’ झालो. चांगलंच झालं. त्या गर्दीत पाड्यांवरच्या बायाही होत्या, त्यातल्या काहींना पोलिसांनी उचललंही. आता त्यांच्याच घरांचा विषय निघाला की ग्रुप चिडीचूप.

पाड्यावर गेलाय का कुणी कधी? आरेतल्या एका पाड्यावर माझं जाणं-येणं आहे, तिथल्या मावशी आमच्या नाक्यावर रानभाजी विकतात म्हणून. जूनच्या पहिल्या सरींबरोबर त्यांच्या टोपलीत शेवळं येतात आणि शेजारी काकडांचा, म्हणजे हिरव्या आंबट रानफळांचा, वाटा असतोच. मी एकदा नुसतीच शेवळं मागितली तर वाटा परत ओढून घेतला. “काकडं घेतल्याबिगर देनार नाय. घसा धरंल, मग माझ्या नावानं बोंबलशील.” शेवळाची खाज काकडाच्या आंबटपणाने मरते. त्यानंतर टाकळा, कुरडू, कंटोळी, ज्याची त्याची वेळ ठरलेली. कोणता उतार कधी खणायचा नाही, कुठली वेल पुढच्या वर्षासाठी सोडायची, हे त्यांना पाठ असतं. आपण या भाज्यांच्या महोत्सवाला जाऊन फोटो टाकतो.

जुनी घरं कुडाची. कारवीच्या झुडपाच्या काठ्या उभ्या रोवायच्या, वरून शेण-माती लिंपायची. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. 2016 ला फुलली, 2024 ला फुलली, तेव्हा डोंगर बघायला नुसती झुंबड. फुलून बी पडली की ती वाळून मरते. तरी तिची मोळी आणली तर गुन्हा, कारण संरक्षित क्षेत्र. मग भिंतीला पत्रा येतो, पत्रा दिसला की पाहणी करणारा वहीत ‘झोपडी’ लिहितो. झालं अतिक्रमण!

याच डोंगराखालून गोरेगाव–मुलुंड जोडरस्त्याचे जुळे बोगदे जाणार आहेत, ठाणे–बोरिवलीचाही जोडबोगदा आहे. जमिनीखालून जाणार, जंगलाला धक्का नाही, असं सांगतात. पण बोगद्याची तोंडं जमिनीवरच उघडतात ना? त्याला लागणारी परवानगी मिळते. ट्रॅफिकमध्ये मीही रोज अडकते, रस्ता नको असं म्हणत नाही. पण चुलीच्या धुराने जंगल मरतं आणि डंपरने मरत नाही, हा हिशोब मला कुणी समजावून द्यावा.

बिबट्यांचंही तेच. 2018 च्या मोजणीत उद्यान आणि आसपास 47 बिबटे आढळले होते. एवढ्या दाटीवाटीच्या शहराला चिकटून हे जनावर टिकलंय. 2004 च्या सुमाराला हल्ले वाढले, तेव्हा दुसरीकडे पकडलेले बिबटे इथे आणून सोडण्याकडे अभ्यासकांनी बोट दाखवलं होतं. पाड्यावरची माणसं वाघोबाला देव मानतात, वाघबारशीला त्याला नैवेद्य दाखवतात. पण नुसती भक्ती नाही, व्यवहारही आहे. अंधार पडला की पोरं आत, कोंबड्या झाकलेल्या, कुत्री एका सुरात भुंकायला लागली की कुणी परसात जात नाही. आपल्या टॉवरमध्ये बिबट्या सीसीटीव्हीत दिसला की पहिली मागणी पिंजऱ्याची.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर कमेंटमध्ये येईलच. पाड्याच्या नावाखाली चाळी बांधून भाड्याने देणारे आहेत. काही पाड्यांच्या कडेला हा धंदा चालतो, त्याला स्थानिक दादांचा हात असतो आणि त्यात जंगल खरंच खचतं. ते काढायलाच हवं. 1997 मध्ये उच्च न्यायालयाने अतिक्रमणं हटवायचा आदेश दिला, पुढे पात्र लोकांना चांदिवलीला घरं दिली गेली. पण चाळमालक आणि चार पिढ्यांचा वारली एकाच फूटपट्टीने मोजायचे का? पाड्यावरची तरुण पोरं पक्कं घर, नळ, वीज मागतात, तेही त्यांचं बरोबरच आहे. तलाव उशाशी आणि हंडा डोक्यावर, ही गंमत किती वर्षं चालवायची? 300 चौरस फुटांच्या सातव्या मजल्यावर मात्र कोंबड्या ठेवता येत नाहीत, भाजीचा वाफा नसतो, लग्नाला मांडव घालून धवलेरीला, म्हणजे लग्न लावणाऱ्या वारली बाईला, बसवायला अंगण नसतं.

कायदा आहे की. वनहक्क कायदा 2006 चा, राष्ट्रीय उद्यानांनाही लागू. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वनजमिनीवरून कुणालाही हटवायचं नाही, हे त्याच्या चौथ्या कलमात लिहिलेलं आहे. पण दावा सुरू होतो ग्रामसभेपासून, आणि मुंबईत ग्रामपंचायतच नाही. सभा बोलवायची कुणी, इथूनच घोळ सुरू होतो. आरेचा तर आणखीच तिढा, कारण बरीचशी जमीन कागदावर वनजमीनच नव्हती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, आधी दावे निकाली काढा. पाड्यांच्या हद्दी तिथल्या माणसांना सोबत घेऊन आखा, मग उरलेल्या चाळींवर खुशाल बुलडोझर न्या. ज्याला बाहेर घर हवंय त्याला द्या, ज्याला नको त्याच्या गळ्यात मारू नका. आणि हरकती-सूचना मागवायच्या असतील तर त्या कुठल्याशा वेबसाइटवर इंग्रजी नकाशे टाकून नकोत. पाड्यावर या, मराठीत वाचून दाखवा, आणि रविवारी या. बाकीच्या दिवशी माणसं कामावर असतात.