पाच हजारांच्या आतला चोर

मंगळवारी आमच्या घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. सोलापूरचा मंगळवार बाजार, कोथिंबिरीच्या पाट्या, आणि दहा-बारा जणांच्या गराड्यात उकिडवा बसलेला विशीतला पोरगा. भाजीवालीचा मोबाईल उचलताना सापडला म्हणे. कोणी त्याच्या डोक्यात चप्पल घालतंय, कोणी ‘कुठला बे तू?’ विचारतंय, आणि व्हिडिओ काढणारा मधूनच ‘ए, तोंड वर कर’ म्हणून ओरडतोय. चेहरा नीट यायला हवा ना.

काकांनी खाली लिहिलं, ‘असल्यांचे हातच तोडायला पाहिजेत. सौदीत सोनाराचं दुकान उघडं टाकून लोक नमाजला जातात.’ आमच्या घरात कुठलाही वाद निघाला की सौदी येतेच. काकांचे एक मित्र तिकडे नोकरीला होते. चुलतभावाने लगेच अंगठा दिला. मामेबहीण कोर्टात वकिली करते. तिने लिहिलं, ‘काका, पाच हजारांच्या आतला माल असेल तर आता नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद होते.’ त्यावर जो गदारोळ झाला तो रात्रीपर्यंत चालला. शेवटी काकांनी मला, इंग्लंडात राहणारीला, धरलं. ‘तू सांग, लेस्टरवाली. तुमच्याकडे चोराला काय करतात? चहा पाजतात?’

चहा पाजत नाहीत. पण काय करतात ते काकांना सांगायची मला जरा लाजच वाटली.

मागच्या महिन्यात मी घराजवळच्या सुपरमार्केटात पैसे द्यायच्या रांगेत उभी होते. चाळिशीतला एक माणूस आला, पायात उसवलेले बूट. त्याने फळीवरच्या चीजच्या लाद्या मोठ्या निळ्या पिशवीत ओढल्या, सात-आठ तरी असतील, वर कॉफीच्या दोन बरण्या टाकल्या आणि चालत बाहेर गेला. पळाला नाही, चालत गेला. दारातलं यंत्र किंचाळलं. गल्ल्यावरच्या मुलीने मान वर करून पाहिलं आणि माझ्या दुधाची पिशवी पुढे ओढली. ‘आम्ही अडवायचं नाही असं सांगितलंय. हा तर रोजचाच आहे,’ म्हणाली. आता इथे कित्येक दुकानांत चीज, कॉफी, मटण कुलूपबंद प्लास्टिकच्या डब्यांत ठेवलेलं असतं.

झालं असं की 2014 साली इंग्लंड-वेल्समध्ये कायदा बदलला आणि 200 पौंडांपर्यंतची दुकानचोरी किरकोळ धरली जाऊ लागली. असे खटले खालच्या कोर्टातच निकाली निघावेत, चोराला पोस्टानेही गुन्हा कबूल करता यावा, हा त्यामागचा विचार. गुन्हा पुसला नव्हता, सहा महिन्यांची कैद आजही होऊ शकते. पण 200 पौंड म्हणजे आपले वीस हजारांच्या वर. दुकानदार तेव्हापासून ओरडतायत की त्या रकमेच्या आत राहिलं की पोलीस फिरकत नाहीत, आणि चोरांना हे त्यांच्याही आधी कळलं. 2024 या एका वर्षात पोलिसांनी नोंदवलेल्या दुकानचोऱ्या पाच लाखांच्या पुढे गेल्या. माझ्या डोळ्यांदेखत गेलेलं चीज त्यात असेल असं मला वाटत नाही. 2025 मध्ये सरकारने ही 200 पौंडांची रेघ पुसण्यासाठी विधेयक आणलं.

गंमत म्हणजे याच देशात एके काळी काकांच्या मनासारखा कायदा होता. 1699 पासून दुकानातून गुपचूप पाच शिलिंगांचा माल उचलला तर फाशी. तरी चोऱ्या थांबल्या नाहीत, आणि खटल्यांत भलतंच होऊ लागलं. समोर रिबिनीचं भेंडोळं चोरलेली पोरगी उभी असायची आणि ज्यूरीतले बारा गृहस्थ ठरवायचे, माल चार शिलिंग दहा पेन्सचा. घरातल्या चोरीला चाळीस शिलिंगांची हद्द होती, तिथे एकोणचाळीसचा निकाल लागायचा. सगळ्यांना माहीत असायचं की हे खोटं आहे. सॅम्युअल रोमिली नावाच्या खासदाराने 1808 साली पाकीटमारीची फाशी रद्द करून घेतली. कायदा इतका कडक की तो वापरायला कोणी धजत नाही आणि चोर नशिबावर सुटतो, असं तो सांगत राहिला. दुकानचोरीची फाशी 1820 च्या दशकात गेली. सौदीचं म्हणाल तर शरियतच्या शास्त्रातही हात तोडायला अटी आहेत. माल राखलेल्या, बंदिस्त जागेतून गेलेला हवा आणि ठरावीक किमतीच्या वरचा हवा. काकांच्या त्या उघड्या दुकानातली चोरी बहुधा पहिल्याच अटीत सुटेल. मी हे ग्रुपवर लिहिलं नाही. काकांचं वय झालंय.

तर आता आपली रेघ. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलम 303 प्रमाणे चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद. पण माल पाच हजारांच्या आतला, चोर पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि त्याने वस्तू किंवा किंमत परत केली, तर शिक्षा म्हणजे समाजसेवा. हे वाचून मला खरं तर बरं वाटलं होतं. बहिणीने दुसरी बाजू दाखवली. अशी चोरी आता अदखलपात्र आहे, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. ठाण्यात एनसी लिहून घेतात आणि कागदाची प्रत हातात देतात.

मग मला ती भाजीवाली आठवली. तिचा मोबाईल नवा असताना सात-आठ हजारांचा असेल. दोन वर्षं वापरलेला, काच तडकलेली. त्याची किंमत आता किती, हे कोण ठरवणार? ठाण्यातला हवालदार. त्याने साडेचार हजार लिहिले की त्याचं काम संपलं. तिकडे ज्यूरी पोरीचा जीव वाचवायला किंमत पाडत होती, इकडे कागद वाचवायला किंमत पडेल. आणि पाच हजार तुमच्या-माझ्यासाठी किरकोळ. त्या बाईचे ते कित्येक दिवसांचे पैसे आहेत, तिचा क्यूआर कोडही त्याच फोनवर.

म्हणून काकांचा राग मला खोटा वाटत नाही. त्यांची मोटारसायकल एका दवाखान्याबाहेरून गेली होती, ते चार वेळा ठाण्यात जाऊन आले आणि चारही वेळा ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत’ ऐकून परतले. माणूस हात तोडायची भाषा करतो तेव्हा त्याची तक्रार बऱ्याचदा चोरापेक्षा ठाण्याबद्दल असते.

पण ती चप्पल मला बघवत नाही, आणि त्याला कारण आहे. माझ्या वडिलांचा सोलापूरच्या पूर्व भागात आठ मागांचा कारखाना होता, टॉवेलचा. मी नऊ-दहा वर्षांची असताना कांड्या भरायला येणारा एक पोरगा सुताचे तीन कोन शर्टात घालून नेताना सापडला. त्याला समोरच्या लाईटच्या खांबाला बांधलं. माझे वडील, जे आम्हाला कधी टपली मारत नसत, त्यांनी मागाचा तुटका पट्टा घेऊन त्याला मारलं. पट्ट्याला तेल लागलेलं होतं. त्याच्या पांढऱ्या बनियनवर काळे पट्टे उठले ते मला अजून दिसतात. गल्लीतल्या बायका दारात उभ्या होत्या. संध्याकाळी त्याची आई आली, पाया पडली, घेऊन गेली. पुढच्या महिन्यात पुन्हा कोन कमी भरले, आणि तो पोरगा तर तेव्हा कामावरही नव्हता. मग वडिलांनी काटा आणला. सकाळी सूत मोजून द्यायचं, संध्याकाळी टॉवेल आणि उरलेलं सूत मोजून घ्यायचं. चोरी थांबली. वडील त्या पोराबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत, पण जेवताना एकदा आईला म्हणाले, ‘काटा आधी आणायचा होता.’

आणि चोरीचं सूत निम्म्या भावात घेणारा माणूस दोन गल्ल्या सोडून होता. सगळ्या पेठेला ठाऊक होता. गणपतीच्या वर्गणीत सगळ्यात मोठी पावती त्याची असायची. त्याला कोणी खांबाला बांधलं नाही.

सोलापूरकरांना तर चोर ठरवण्याचा इतिहास दूर शोधायला नको. शहरात सेटलमेंट नावाची वस्ती आजही आहे. आम्ही रिक्षावाल्याला ‘सेटलमेंट’ सांगतो आणि त्या शब्दाचा विचार करत नाही. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. कैकाडी, पारधी, टकारी कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवलं, रोज हजेरी घेतली आणि गिरण्यांत कामाला धाडलं. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, पण 1959 साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि संशय राहिला तिथेच राहिला. आपण सहज ‘भामटा’ म्हणतो. राजपूत भामटा हे आपल्या राज्याच्या विमुक्त, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या, जातींच्या यादीतलं नाव आहे. व्हिडिओतला तो ‘कुठला बे तू?’ मला म्हणूनच खटकला. मोबाईल त्याच्या खिशात सापडला होता, मग गाव कशाला हवं होतं?

1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. मुलं पळवणारे आहेत, अशी व्हॉट्सअॅपवर अफवा होती. ते डवरी गोसावी होते, भिक्षेकरी, आणि बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. तेव्हाही कोणीतरी मोबाईल वर धरून उभं होतंच.

मला विचाराल तर पोराला शिक्षा हवी. लेस्टरच्या त्या चीजवाल्यालाही हवी. त्याला काहीच न होणं हे त्या गल्ल्यावरच्या मुलीवर अन्याय करणारं आहे, दार किंचाळलं की तिचा हात थांबतो ते मी पाहिलंय. पण शिक्षा पंधरा दिवसांत व्हावी. फोन परत, नुकसान भरून, आणि दोन महिने रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठचा कचरा उचलणं. तीन वर्षांच्या कलमाखाली जामीनदार नाही म्हणून महिनोन्महिने आत बसणं नको. देशातल्या कैद्यांपैकी पाऊण कैद्यांचा निकाल अजून लागायचाच आहे, त्यात असे किती पोरगे असतील. आणि फोन विकत घेणारा दुकानदार पहिला उचलावा. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोन बंद करता येतो, शोधताही येतो, पोलीस असे फोन लोकांना परत देतात आणि पेपरात फोटोही येतात. म्हणजे काटा आपल्याकडे आहे.

एवढं सगळं मी ग्रुपवर लिहिलं. बहिणीने हसरा चेहरा टाकला. ‘समाजसेवेची हजेरी कोण घेणार?’ काकांनी लिहिलं, ‘इंग्लंडला राहून मऊ झालीस.’ चुलतभावाने दुसऱ्या कुठल्या तरी चोराचा आणखी एक व्हिडिओ टाकला.

आई ग्रुपवर कधी लिहीत नाही, तिला टायपिंग जमत नाही. तिचा आवाजातला निरोप आला, मागे कुकरच्या शिट्ट्या. ‘का ग, त्या बाईला तिचा फोन मिळाला का?’

कोणालाच माहीत नव्हतं. दहा मिनिटांनी काकांनी ‘शुभ रात्री’चं गुलाबाचं चित्र टाकलं.