पाच पौंडात पिटातलं नाटक

उन्हाळा आला की इकडे पाहुण्यांचा सीझन सुरू होतो आणि सगळ्यांची यादी तीच, लंडन आय, मेणाचे पुतळे, राणीचा राजवाडा (आता राजाचा आहे म्हटलं तरी राणीचाच), टॉवर ब्रिजवर फोटो काढला की झालं लंडन. लंडनजवळ रेडिंगला राहून नऊ वर्षं झाली, त्यातली सहा मीही हेच केलं. अर्ध्या तासाच्या एका फेरीला माणशी तीसेक पौंड मोजायचे आणि वर जाऊन ढग बघायचे!

पण राग मला वेगळ्याच गोष्टीचा येतो. आपण स्वतःला नाटकवेडे म्हणवतो ना, मग इथे राहणारे आपले किती जण नाटकाला जातात हो? विचारलं की उत्तर ठरलेलं, तिकीट महाग आणि ते जुनं इंग्रजी कोणाला कळतंय.

थेम्सच्या काठी शेक्सपिअरचं ग्लोब थिएटर आहे. मूळचं 1599 चं, 1613 मधे चालू नाटकात तोफ उडवली, ठिणगी छपराच्या गवतावर पडली आणि सगळं जळून गेलं, एकाची विजार पेटली ती म्हणे बिअर ओतून विझवली 😄 आत्ताचं 1997 मधे उघडलं, लाकडी, गोल, वर उघडं आकाश आणि स्टेजला चिकटून उभं राहून बघायची जागा. म्हणजे आपला पिटच, फक्त खुर्च्या नाहीत. तिथलं तिकीट मी पाच पौंडात काढलंय, पॅडिंग्टन स्टेशनवर कॉफी आणि काहीतरी खायला घेतलं तरी तेवढे जातात.

दोन वर्षांपूर्वी आईला नेलं. वय 66, इंग्रजी थँक्यू सॉरीपुरतं. नाटक होतं 'कॉमेडी ऑफ एरर्स'. ट्रेनमधेच गोष्ट सांगून टाकली, जुळ्या भावांच्या दोन जोड्या आणि सगळा घोटाळा, तर म्हणाली अगं हे मी टीव्हीवर बघितलंय की! लवकर गेलो म्हणून स्टेजच्या कडेला टेकायला मिळालं. नाटक सुरू झालं आणि पाऊसही. आईने लगेच पर्समधून छत्री काढली, तर तिथली बाई धावत आली, पिटात छत्री चालत नाही, मागच्यांना दिसत नाही, मग पोंचो (डोक्यावरून घालायचा रेनकोट) चढवला. खाली बसायलाही बंदी. मला वाटलं आता घरी जाऊन बोलणी खायची. पण नाटकातल्या नोकराने मार चुकवत आईच्या हातापासून वीतभर अंतरावर उडी टाकली, तिच्याकडे बघून डोळा मारला आणि ही बाई खो खो हसत सुटली. दिवसाउजेडी नाटक, त्यामुळे नटाला आपण दिसतो आणि तो आपल्याशीच बोलतो, शब्द कळले नाहीत तरी काही अडत नाही. पावणेदोन तास उभी होती, गुडघ्याचं नाव काढलं नाही (घरी आल्यावर काढलं, दोन दिवस).

आणि एक सल. 2012 मधे याच ग्लोबमधे शेक्सपिअरची 37 नाटकं 37 भाषांत झाली. हिंदी होती, गुजराती होती, उर्दू होती, बांगला होती. मराठी नव्हती. शंभरेक वर्षांहून जास्त काळ शेक्सपिअर मराठीत आणतोय आपण, आणि यादीत नाव नाही. का नव्हती यावर वाद घाला खुशाल, पण आधी तिथे जाऊन उभे तर राहा.

पुढच्या आठवड्यात नवऱ्याचे मामा-मामी येतायत. व्हॉट्सॲपवर यादी आलीये, पहिलं नाव लंडन आय. मी पोंचो चार काढून ठेवलेत.