यात फ्रेंच काय आहे?

आमच्या फ्रेंचच्या बाई म्हणाल्या, "जुनी नाटकं बघा, कान तयार होतो." म्हणून रविवारी जेवणं झाल्यावर मी जॉर्ज फेदोच्या 'फ ला मॅर द मादाम' या 1908 च्या एकांकिकेचं फ्रेंच टीव्हीवरचं जुनं चित्रीकरण लावलं. नावाचा अर्थ साधारण 'बाईसाहेबांच्या कै. मातोश्री'. हा अर्थ मी हिला सांगायला नको होता. मटाराचं ताट घेऊन ही शेजारी येऊन बसली. "कुणाची सासू गेली?"

पहाटेचे चार. नवरोबा चित्रकारांच्या फॅन्सी ड्रेसच्या नाचाहून परततात. अंगावर चौदाव्या लुईचा पोशाख, आणि किल्ली घरीच विसरलेली! बायकोला झोपेतून उठून दार उघडावं लागतं. पुढे जे सुरू होतं त्यात मला, दोन वर्षांच्या फीनंतर, 'वी' आणि 'नों' तेवढं कळलं.

"ती म्हणतेय, ही काय घरी यायची वेळ? तो म्हणतोय, किल्लीवरून एवढं काय?" ही मटार सोलता सोलता.

"तुला फ्रेंच कधीपासून यायला लागलं?"

"यात फ्रेंच काय आहे?"

शब्दकोश काढून तपासलं. बरोबर होतं. वर हिला सवाई गंधर्वची ती रात्र आठवली. मी भैरवी ऐकून पहाटे आलो होतो आणि किल्ली फ्रिजवर होती. फेदोला निदान दार उघडल्यावर संवाद लिहायचे होते. माझ्या वेळी सगळे संवाद तिकडूनच.

मग एक नोकर सासूबाई गेल्याचा निरोप घेऊन येतो. बायकोला भोवळ, आणि नवऱ्याच्या डोक्यात सासूच्या वारशातून कर्ज फेडायचा हिशेब! इथे हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी घाईघाईने "तुझ्या आईंचा गुडघा कसा आहे गं?" विचारलं. शेवटी कळतं की नोकराचं दार चुकलंय, मयत शेजारणीची आई. भांडण पुन्हा जोमात.

विषय बदलावा म्हणून मी माहिती पुरवली. पुढच्याच वर्षी, 1909 मध्ये, फेदो स्वतः बायकोशी भांडून घराबाहेर पडला. सँ-लाझार स्टेशनजवळच्या हॉटेलात गेला तो थोड्या दिवसांसाठी म्हणून, आणि राहिला दहा वर्षं.

हिने शेवटची शेंग सोलली.

"किल्ली नेली होती का बरोबर?"