बंगला भाड्याने द्यायचाय? आधी नातेवाईक वाढवा

लोणावळ्यात बंगला आहे, महिन्यातून एकदा गवत कापून घ्यायला जाता आणि त्या गवताचा खर्चसुद्धा अंगावर येतो? मग शनिवार-रविवार तो भाड्याने द्यायचा विचार मनात आलाच असेल. उत्तम विचार आहे. फक्त सुरुवातीलाच परवानगी-बिरवानगी शोधत बसू नका. परवानगी मागितली की आपण काय करतो ते सरकारला कळतं, आणि आपल्याच धंद्याची चहाडी आपणच करू नये.

मुख्य कसब असं की, बंगला समोरचा माणूस बघून बदलला पाहिजे. नगरपरिषदेच्या घरपट्टीसाठी ते तुमचं राहतं घर. महावितरणसाठी घरगुती मीटर, मग पाच एसी आणि स्विमिंग पूलची मोटर एकदम का चालेना. इन्स्टाग्रामवर मात्र 'लक्झरी प्रायव्हेट पूल व्हिला, पाच बेडरूम, पंधरा पॅक्स, एक्स्ट्रा गाद्या मिळतील'. आणि पोलीस आलेच, तर आत सगळे नातेवाईक. केअरटेकरकडून एक वाक्य घोटून घ्या: "साहेबांच्या मामेभावाच्या मुलाचा वाढदिवस आहे." मामेभाऊ दर शनिवारी वेगळा, आडनाव वेगळं, गाडी कधी मुंबई पासिंगची तर कधी गुजरातची. काही बिघडत नाही. मोठं खानदान आहे म्हणावं.

पर्यटनवाल्यांची 'निवास व न्याहारी' योजना आहे, असं कुणीतरी शहाणा सांगेलच. ऐकून घ्या. केंद्राच्या अशाच योजनेत एक ते सहा खोल्या देता येतात, पण मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहायचं अशी अट आहे. आता शनिवारी रात्री त्या पंधरा जणांसोबत तुम्ही सहकुटुंब राहणार का? शिवाय पाहुण्यांना न्याहारी द्यायची. आपल्याकडे पोहे माणशी दीडशे रुपये, आदल्या रात्री नऊच्या आत सांगायचे.

परदेशी पाहुणा मात्र टाळा. तो आला की चोवीस तासांच्या आत सरकारला फॉर्म भरून कळवावं लागतं. शिवाय गोऱ्या माणसाला मामेभाऊ म्हणून खपवणं अनुभवी केअरटेकरलाही जड जातं.

जीएसटीचा हिशेब नीट समजून घ्या. रात्रीला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के, त्यावर गेलात की अठरा. बंगला तीस हजारांचा असेल तर तो अचानक प्रत्येकी सहा हजारांच्या पाच खोल्यांचा होतो. पूल, लॉन आणि बार्बेक्यू ही प्रेमाची भेट. पण एवढं गणित करायचंच कशाला? ॲपवरून बुकिंग झालं की नोंदणी नसलेल्या मालकाचा कर ॲपवाल्यालाच भरावा लागतो, म्हणजे कागदावर खूण राहते. त्यापेक्षा फोटो व्हॉट्सॲपवर आणि पैसे मेव्हण्याच्या यूपीआयवर. नातेवाईकांचा धंदा नातेवाईकांच्याच खात्यात गेलेला बरा.

आता पूल. पूलपाशी जीवरक्षक हवा, पाण्याची खोली लिहिलेली हवी, रात्री पूल बंद हवा, वगैरे वगैरे. तुम्ही एक ए-फोर कागद लॅमिनेट करून भिंतीवर लावा: 'पोहताना काही झाल्यास मालक जबाबदार राहणार नाहीत.' पहिल्याच पावसाळ्यात त्याच्यात पाणी शिरून 'नाहीत' तेवढं पुसलं जातं, तेव्हा दोन प्रती काढून ठेवा. जीवरक्षक म्हणजे अर्थात केअरटेकर. तोच गेट उघडतो, कोळसा पेटवतो, बर्फ आणतो, पोहे करतो. त्याला पोहता येत नाही, पण आजवर कुणी विचारलेलं नाही.

आवाजाचा नियम २००० सालापासून आहे: रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर बंद, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. तुमच्या 'हाउस रूल्स'मध्ये हे ठळक अक्षरांत छापा. कागदावर आवाज होत नाही. शेजारचे निवृत्त आजोबा दीड वाजता फोन करतील, तेव्हा तुम्ही ठाण्याच्या घरी गाढ झोपलेले असाल. सकाळी त्यांना चिक्कीचा पुडा पाठवा. दात नसतील तर फजचा.

पूर्वीचे कायदे बघा, किती बारीक विचार. १८६७ च्या सराई कायद्यात सराईवाल्याने विहिरी आणि गटारं साफ ठेवावीत, रखवालदार नेमावेत, दरपत्रक लावावं आणि चोराला आत-बाहेर करता येईल अशा फांद्या तोडाव्यात, असं लिहिलेलं होतं. यातलं फांद्यांचं कलम तेवढं आपल्याकडे मनापासून पाळलं जातं. दरीचा व्ह्यू अडवणाऱ्या फांद्या, आणि पाठोपाठ झाडही. दरपत्रकाचं विसरा, शनिवारचा भाव शुक्रवारी संध्याकाळी ढग बघून ठरतो.

हीच विद्या अलिबागकडे नेणार असाल तर जरा जपून. तिथे भरतीरेषा आणि सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध, असतात. तिथल्याच किहीमला हे निर्बंध मोडून बांधलेला हिरेव्यापारी नीरव मोदीचा बंगला पाडायला यंत्रं पुरेनात, तेव्हा ८ मार्च २०१९ रोजी सुरुंग लावावे लागले. बांधकाम इतकं पक्कं करू नये, उगाच बातमी होते.

आणि तरीही कधी नोटीस आलीच, तर घाबरू नका. 'सदर जागेत मी सहकुटुंब राहतो' असं उत्तर द्या आणि सुनावणीसाठी तारीख मागा. सोमवार तेवढा नको म्हणावं. त्या दिवशी भंगारवाला बाटल्या न्यायला टेम्पो घेऊन येतो आणि गेटवर कुणीतरी लागतं.