दोन सर्व्हर असूनही शाखा ठप्प झाली : तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू दोनदा वाचला. तुमच्या साइटचं काम दोन सर्व्हरमध्ये वाटून देणारा (लोड बॅलन्सिंगचा) सेटअप टीमने केला असला तरी त्यावर शेवटची सही माझी होती, म्हणून उत्तर मीच देतोय. तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा: एका सर्व्हरवरची साइट पडली तेव्हा दुसऱ्याने काम उचललं नाही आणि एक अख्खी शाखा दोन तास बसून राहिली, सेटअप झाल्यापासून मुख्य ऑफिसचं नेटवर्क रेंगाळायला लागलं, लोकांना मधूनच पुन्हा लॉगिन करावं लागलं, आणि दोन सर्व्हर घेऊनही वेग काही दुप्पट झाला नाही. शेवटी 'लोड बॅलन्सिंगच्या नावाखाली फसवणूक' असं लिहिलंय. फसवणूक हा शब्द मला मान्य नाही. पहिल्या दोन तक्रारी मात्र खऱ्या आहेत, आणि त्यात चूक आमची आहे.

आधी शाखेचं. विंडोज सर्व्हरच्या नेटवर्क लोड बॅलन्सिंगमध्ये दोन्ही मशीन दर सेकंदाला एकमेकींना हार्टबीट, म्हणजे 'मी चालू आहे' असा छोटा संदेश, पाठवतात. सलग ५ चुकले की समोरची गेली असं धरून उरलेली मशीन सगळा भार स्वतःकडे घेते. वीज गेली, केबल निघाली, तर हे व्यवस्थित चालतं. काम सोपवताना तुमच्यासमोर केबल उपटून दाखवलं ते हेच. पण त्या सकाळी मशीन ठणठणीत होती, तिच्यावरचा आयआयएसचा (विंडोजच्या वेब सर्व्हर प्रोग्रामचा) ॲप पूल, म्हणजे साइट चालवणारा भाग, तेवढा बंद पडला होता. हार्टबीट चालूच. मी रिमोटवरून लोड बॅलन्सिंगचा मॅनेजर उघडला तर दोन्ही नावांपुढे हिरवं चिन्ह आणि 'कन्व्हर्ज्ड' (दोन्ही जोडीत सामील). शेजारच्या विंडोत तुमची साइट ५०३ (सेवा उपलब्ध नाही) दाखवतेय. मशीन जिवंत आहे एवढंच हे लोड बॅलन्सिंग बघतं, तिच्यावरचं ॲप चालतंय का ते बघत नाही. ही तपासणी वेगळी बसवावी लागते. आम्ही ती बसवली नव्हती, आणि बसवली नाही हे तुम्हाला सांगितलंही नव्हतं.

मग एक शाखा ठप्प आणि दुसरी सुरळीत, हे कसं? अ‍ॅफिनिटी 'सिंगल' ठेवली होती, म्हणजे एका आयपीवरून (नेटवर्कवरच्या पत्त्यावरून) येणारं सगळं एकाच सर्व्हरकडे जाणार. शाखेतली सगळी माणसं एकाच पब्लिक आयपीने बाहेर पडतात, त्यामुळे सर्व्हरच्या लेखी ती अख्खी शाखा म्हणजे एकच माणूस, आणि तो नेमका बिघडलेल्या सर्व्हरच्या वाट्याला आला. मुख्य ऑफिसात प्रत्येकाचा आयपी वेगळा, म्हणून तिथे एका टेबलावर साइट चालू आणि शेजारच्या टेबलावर बंद. या गोंधळात आमच्या माणसाने पहिला तास शाखेचं इंटरनेट तपासण्यात घालवला. पडद्यावर ५०३ येतोय म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलोय, हे त्याला कळायला हवं होतं. त्याच्याशी माझं बोलणं झालंय.

आता दोन्ही सर्व्हरवर एक छोटी पॉवरशेल स्क्रिप्ट चालते. दर १० सेकंदांनी ती आपापल्या सर्व्हरवरचं चाचणीचं पान उघडून बघते. ते पान डेटाबेसमधून एक ओळ वाचून आणतं, त्यामुळे नुसता 'ओके' छापून फसवत नाही. सलग तीनदा उत्तर आलं नाही की तो सर्व्हर स्वतःहून क्लस्टरमधून (सर्व्हरच्या जोडीतून) बाहेर पडतो. मात्र दुसरा आधीच बाहेर असेल तर तो पडत नाही, नुसता आम्हाला कळवतो.

नेटवर्कचा रेंगाळा हा आम्ही घेतलेल्या शॉर्टकटचा परिणाम. क्लस्टर युनिकास्ट मोडमध्ये उभा केला होता. त्यात दोन्ही सर्व्हर नेटवर्क कार्डाचा एकच पत्ता म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस वापरतात आणि तो कुठल्या पोर्टवर आहे हे स्विचला (ऑफिसातल्या केबली जोडणाऱ्या डब्याला) मुद्दाम कळू दिलं जात नाही, नाहीतर सगळं एकाकडेच जाईल. स्विच मग सर्व्हरकडे निघालेलं प्रत्येक पॅकेट सगळ्या पोर्टवर फेकतो. तुमच्याकडे दिवसभर स्कॅन केलेल्या फाइली अपलोड होतात. त्या सगळ्या प्रिंटर आणि टेबलावरच्या फोनच्या १०० एमबीपीएसच्या पोर्टवरही आदळत होत्या. फोनवर आवाज तुटायचा तो यामुळे. हे टाळायला मल्टिकास्ट मोड (एकाच पत्त्यावर अनेक मशीन ऐकतात तो) घ्यायचा तर राउटरमध्ये हाताने एआरपीची (कुठल्या आयपीचा मॅक कोणता, याची) नोंद करावी लागणार होती, कारण साध्या आयपीला मल्टिकास्ट मॅक हे उत्तर तो स्वीकारत नाही. राउटर दुसऱ्या कंत्राटदाराच्या ताब्यात होता आणि आम्ही त्याची वाट बघितली नाही. बघायला हवी होती. आता नोंद झाली आहे, ०३-बीएफने सुरू होणारा क्लस्टरचा मॅक स्विचवर फक्त त्या दोन पोर्टना बांधलाय, आणि फोन ठीक चालल्याचं तुमच्याच रिसेप्शनवरून कळलं.

पुन्हा लॉगिन मागितलं जाणं ही मात्र लोड बॅलन्सिंगची चूक नाही. तुमचं ॲप सेशन (कोण लॉगिन आहे याची नोंद) त्या त्या सर्व्हरच्या मेमरीत ठेवतं. सर्व्हर बदलला की सेशन गेलं. ते डेटाबेसमध्ये ठेवा आणि दोन्हीकडे मशीन-की (लॉगिनची खूण कुलूपबंद करणारी किल्ली) एकच ठेवा, असं तुमच्या डेव्हलपरना आम्ही काम सुरू होण्याआधीच लेखी कळवलं होतं. मेल तुमच्याकडे आहे. वेगाचं म्हणाल तर दोन्ही सर्व्हरमागे डेटाबेस एकच आहे, तो जिथे अडतो तिथे पुढे कितीही सर्व्हर लावले तरी अडणारच.

एक गोष्ट तुमच्या रिव्ह्यूत नाही, तरी सांगतो. गर्दीच्या वेळी दोन्ही सर्व्हरचा सीपीयू ६५ टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे तपासणी नीट बसवूनही, भर दुपारी एक गेला तर दुसऱ्याला १३० टक्के काम पडेल आणि तोही धापा टाकेल. तिसरा सर्व्हर जोडा (क्लस्टरमध्ये ३२ पर्यंत चालतात) किंवा आहेत त्यांची ताकद वाढवा. 'बघा, आणखी विकायला आले' असं वाटेल, म्हणून स्पष्ट सांगतो: हे काम दुसऱ्या कुणाकडून करून घेतलंत तरी माझी हरकत नाही, पण कराच.

दुरुस्तीच्या कामाचं बिल लावलेलं नाही, लावणारही नाही. पूर्ण पैसे परत करण्याची मागणी मात्र मला पटत नाही. येत्या शनिवारी कामकाज संपल्यावर मी स्वतः येतो. या वेळी केबल उपटायची नाही. दोन्हीपैकी कुठल्याही सर्व्हरचा ॲप पूल तुम्ही तुमच्या हाताने बंद करा, आणि ठप्प झालेल्या शाखेतल्या एकाला त्या वेळी साइट उघडून बसायला सांगा.