सहा महिने चालणारं ब्लेड

गेल्या महिनाभरात एकच मजकूर तीन ग्रुपांवर आला. त्याचं सार असं: आजोबांचं एक ब्लेड सहा महिने चालायचं, कारण तेव्हाचं पोलाद अस्सल, स्वीडनचं होतं. आता कंपन्या मुद्दाम लवकर बोथट होणारी ब्लेडं काढतात. म्हणून जुन्या बाजारात न उघडलेली पाकिटं दिसली तर सोडू नका, पोलाद जितकं जुनं तितकं मुरतं. खाली हात जोडलेले आणि 'पुढे पाठवा'.

मी स्वतः दुधारी ब्लेडच्या रेझरने दाढी करतो. रेझर आजोबांचाच, पितळी, वरचा मुलामा उडालेला. त्यामुळे हे खरं निघालं असतं तर सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला असता.

सहा महिन्यांची गोष्ट पूर्ण खोटी नाही. ते ब्लेड कसं चालायचं हे मी पाहिलंय. आजोबा दाढी करायचे बुधवारी आणि रविवारी. सहा महिन्यांत झाल्या बावन्न दाढ्या. रोज दाढी करणाऱ्याचे हे धड दोन महिनेही नाहीत. आणि त्या बावन्न तरी कशा? ब्लेड ओढायला लागलं की काचेचा पेला घ्यायचे, आतल्या गोलाईला ब्लेड बोटाने दाबून धरायचे आणि पुढे-मागे, पुढे-मागे, मग उलटं करून पुन्हा तेच. त्या खर्रखर्रीने मला जाग यायची. घासून धार जरा सरळ होते, पण कपचा उडाला असेल तर तो भरून येत नाही. नंतर गालावर तुरटी फिरवताना आजोबांच्या तोंडून जो 'स्स्' निघायचा, तो या मजकुरात कुठेच नाही.

शिवाय दाढीतून निवृत्त झालं म्हणून ब्लेड घराबाहेर जात नसे. कागदात धरून मधोमध मोडायचं. अर्धं माझ्या कंपासपेटीत पेन्सिलीला, अर्धं काकूच्या शिवणाच्या डब्यात उसवायला. नखं त्यानेच, दिवाळीत आकाशकंदिलाचा कागदही त्यानेच. ब्लेड सहा महिने घरात असायचं, हे मान्य. गालावर किती दिवस असायचं, तो हिशेब कुणी ठेवला नाही.

मला वाटतं, मजकूर लिहिणाऱ्याच्या डोक्यात वस्तरा आणि ब्लेड यांची गल्लत झाली आहे. वस्तरा पिढ्यान्‌पिढ्या चालतो, कारण तो दगडावर लावता येतो, चामड्याच्या पट्ट्यावर परजता येतो. दुधारी ब्लेड जन्मालाच आलं फेकण्यासाठी. किंग कॅम्प जिलेट हा बाटल्यांची बुचं विकणाऱ्या कंपनीचा फिरता विक्रेता. बूच एकदा काढलं की फेकायचं आणि गिऱ्हाईक पुन्हा येणार, हे गणित त्याला दाढीत उतरवायचं होतं. 1903 साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, 51 रेझर आणि 168 ब्लेडं खपली. 1904 मध्ये पेटंट मिळालं. 'वापरा आणि फेका' ही आजची बिघडलेली चाल नाही, ब्लेडाचा पायाच तो आहे.

आता पोलाद. जुनी ब्लेडं साध्या कार्बन पोलादाची असत. धार उत्तम यायची, यात शंका नाही. पण गंजायची. आणि गंज आधी धरतो तो धारेलाच, कारण ब्लेड तिथेच सगळ्यात पातळ असतं. डोळ्यांना तांबूस ठिपका दिसण्याआधीच धार खाल्लेली असते. स्टेनलेस ब्लेडाच्या पोलादात सुमारे 13 टक्के क्रोमियम असतं आणि धारेवर नॉनस्टिक तव्यावर असतो तसाच अतिसूक्ष्म थर. राहिलं स्वीडनच्या पोलादाचं कौतुक: ते आजही ब्लेडांसाठी वापरलं जातं.

कंपन्यांच्या लबाडीचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. बल्बच्या धंद्यात हे घडलंय. 1924 साली मोठ्या उत्पादकांनी फीबस नावाची टोळी करून बल्बचं आयुष्य 1000 तासांवर बांधून टाकलं. पण ब्लेडांत काय झालं? 1960 च्या सुमारास जिलेटचं कार्बन पोलादाचं निळं ब्लेड जोरात खपत होतं आणि स्टेनलेसची त्यांना घाई नव्हती. टिकाऊ ब्लेड म्हणजे कमी विक्री, हे तिथे कुणाला कळत नसेल असं मला वाटत नाही. तेवढ्यात विल्किन्सन सोर्ड या त्या मानाने चिमुकल्या इंग्रज कंपनीने स्टेनलेस ब्लेड आणलं आणि गिऱ्हाईक तिकडे पळालं. 1963 मध्ये जिलेटलाही स्टेनलेस काढावं लागलं. म्हणजे चालढकल झाली असेलही, पण ती झाली कमी टिकणारं जुनं ब्लेड विकत राहण्यासाठी. मजकूर ज्याची आरती ओवाळतो, तेच ब्लेड!

बोथट होण्यामागे साधं कारणही आहे. केस पोलादापेक्षा सुमारे 50 पट मऊ असतो. तरी तो वाकून तिरका आदळला आणि तिथे पोलादाची घडण एकसारखी नसली, तर धारेचा बारीक कपचा उडतो. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 2020 मध्ये हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं.

उरलं मुरणं. मुरतं ते लोणचं. आमच्या कोकणातल्या घरी, माळ्यावरच्या पत्र्याच्या डबीत पाच ब्लेडांचं न उघडलेलं पाकीट सापडलं. नाव पुसलेलं, मेणकागद पिवळा पडलेला. एक ब्लेड कागदालाच चिकटलं होतं. तिघांच्या कडा घड्याळजीच्या भिंगातून पाहिल्या तर किडक्या दातांसारख्या. पाचवं स्वच्छ दिसलं. उजवा गाल त्याने केला, डावा नव्या ब्लेडाने. उजवीकडे पहिल्याच हाताला केस कापले न जाता उपटले गेले, आणि हनुवटीच्या वळणावर फेस गुलाबी झाला. साठच्या दशकानंतरची, कोरड्या जागी राहिलेली स्टेनलेस ब्लेडं आजही छान चालतात, ती हौसेने जरूर वापरावीत. पण ती जुनी असल्यामुळे चालत नाहीत, गंजली नाहीत म्हणून चालतात.

उलट बाजूने येणारी 'गंज लागला की धनुर्वात' ही भीतीही नीट नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, गंजातून ते तयार होत नाहीत. खरा धोका सुट्या, वापरलेल्या ब्लेडाचा. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. दुसऱ्याचं ब्लेड नकोच.

त्या पाचांपैकी चार मी फेकायला काढली होती. काकूने हात पुढे केला. म्हणाली, "त्यातलं एक दे इकडे, गोधडी उसवायची आहे."