२३ किलोत न बसलेल्या साड्या

पुण्यातली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीये आणि पंधरा दिवस झाले फॅमिली ग्रुपवर एकच वाद, आईच्या गोदरेजच्या कपाटातल्या साड्यांचं करायचं काय. दादाचं म्हणणं, वर्षभर जे अंगाला लागलं नाही ते बाहेर काढा, भाड्याच्या वन बीएचकेत कपाट मावणार नाही. भाचीनं तर व्हिडिओच टाकला, फॉरेनमधे लोक तीस कपड्यांत कसं राहतात त्याचा. तो बघून मला खरंच राग आला. मी १९ वर्षं जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतेय, मला कुणी विचारलं का?

इथे शेजारच्या आजींच्या केलरमधे, म्हणजे तळघरात, त्यांच्या नवऱ्याचे कोट अजून टांगलेले आहेत, त्यांना कुणी वर्षाचा नियम सांगायला जात नाही. आणि जे कपडे लोक जुन्या कपड्यांच्या कंटेनरमधे टाकतात ते काय हवेत विरतात? २०२५च्या जानेवारीपासून युरोपात जुनं कापड वेगळं गोळा करायचा नियम आला, चांगलंच आहे, पण युरोपातले जुने कपडे आपल्याच गुजरातेतल्या कांडला बंदरात पण उतरतात, तिथे निवडतात आणि लोकरीचं असेल ते पानिपतला जातं, चिंध्या करून त्याचा धागा, धाग्याची ब्लँकेटं. म्हणजे इकडच्यांनी टाकलेलं आपले लोक निवडत बसणार आणि आपण यांच्याकडून टाकायला शिकायचं!

आपल्याकडे कुठे असं टाकायचे. दुपारी बोहारीण यायची, आई दोन साड्या आणि बाबांची पँट पुढ्यात ठेवायची आणि मग एका स्टीलच्या डब्यावरून अर्धा तास घासाघीस, अजून एक शर्ट दे, नाही देत, चालली मी, ये बस. सुती साडी धुऊन धुऊन मऊ झाली की तिचं दुपटं, उरलेल्याची गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं. माझी लेक इथे झाली तेव्हा आईनं आजीच्या लुगड्याचं दुपटं पाठवलेलं, नवं कापड बाळाला टोचतं म्हणून. हेबामेनं, म्हणजे इथल्या सुईणीनं, ते हातात घेऊन कितीतरी वेळ चोळून बघितलं, म्हणाली हे कुठल्या दुकानात मिळतं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, लांबलचक. रात्री वहिनीचा मेसेज आला, "ताई, मग तुम्हीच घेऊन जा ना तिकडे."

मला उत्तर सुचेना. आई गेल्यापासून दर उन्हाळ्यात त्या साड्या गॅलरीत वाळत घालायचं, जरीला चीर जाऊ नये म्हणून घड्या बदलायचं, डांबरगोळ्या नव्या ठेवायचं काम वहिनीनंच केलंय. मी दोन वर्षांनी एकदा जाते, कपाट उघडते, वास घेते, रडते आणि परत निघताना विमानाच्या बॅगेच्या २३ किलोत भाजणी, गोडा मसाला, पापड भरते. एकदाही मसाला काढून एक साडी ठेवली नाही. कारण साड्या तिथेच असायला हव्या होत्या मला. त्या घरात माझी खोली कधीच राहिली नाही, हॉलमधल्या दिवाणावर झोपते मी, पण कपाटाच्या खालच्या खणात माझा शाळेचा निळा स्कर्ट आहे अजून, आणि तो आहे तोवर मी तिथे पाहुणी नाही असं वाटतं. हे वाटणं सांभाळायचा भार मी वहिनीवर टाकला आणि वर तिलाच शिकवत बसले.

मेची तिकिटं काढलीत. बॅग रिकामी आणतेय. वहिनीला लिहिलंय, डाळिंबी पैठणी, इरकली, काय हवं ते आधी तू काढून ठेव, मग मी. दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर अजून नाही.